बारावी निळी चादर

१

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी प्रयोगशाळेतून फोन आला.

"मॅडम, कुत्र्याच्या मेंदूचा नमुना पॉझिटिव्ह आहे. रेबीज."

मी फोन ठेवला आणि टेबलावर अशी मूठ आपटली की शेजारच्या कारकुनाचा चहा बशीत सांडला. त्याने निमूट बशी पुसून घेतली. माझा राग आमच्या रोगनियंत्रण कार्यालयात सगळ्यांच्या अंगवळणी पडला आहे. मी जनावरांची डॉक्टर. जनावरांकडून माणसांकडे जाणारे रोग आधीच अडवायचे, हे माझं काम. ते माझ्या डोळ्यांदेखत फसलं होतं.

कुत्र्याचं नाव कापूस. पांढरा, केसाळ, अंगाने गुबगुबीत. दर बुधवारी तो मुलांच्या पुनर्वसन केंद्रात जायचा. अपघातानंतर पुन्हा चालायला शिकणारी मुलं, जन्मापासून हातपाय ताठ असलेली मुलं. फिजिओच्या सांगण्याने न उघडणारी मूठ कापसाची मान कुरवाळायला आपोआप उघडायची. हे मी स्वतः पाहिलं होतं, म्हणून सांगते.

शनिवारी कापूस मेला. त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांनी विषबाधा म्हणून सांगितलं, पुरून टाका म्हणाले. खड्डा खणायला आलेल्या माणसाला मात्र ते पटेना. लोंबलेला जबडा, लाळेच्या तारा. त्याने आमच्याकडे फोन केला. खड्डा खणणाऱ्याला जे दिसलं ते डॉक्टरला दिसलं नाही! मी तासाभरात पोचले, कुत्रा उकरून काढला आणि नमुना पाठवला.

रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की डॉक्टरांच्या हातात जवळजवळ काही उरत नाही. त्याआधी लस टोचली तर माणूस वाचतो. मधे जो वेळ असतो तेवढाच आपला. आजारी कुत्र्याच्या लाळेत मरणाआधी दहा दिवस विषाणू असू शकतो. मी चौदा धरते. म्हणजे मागचे दोन बुधवार. त्या दोन दिवशी कापूस कुणाकुणाच्या मांडीवर बसला, कुणाच्या जखमेला, डोळ्याला, तोंडाला त्याची जीभ लागली, ते आजच्या आज कळायला हवं होतं.

आणि ते कळायची सोय मीच करून ठेवली होती. दोन वर्षांपूर्वी अशा कार्यक्रमांसाठी मी एक रजिस्टर आखून दिलं होतं. चौदा रकाने. कुत्र्याचं खाणं, आवाज, अंगावर जखम, लसीची तारीख, भेटलेल्या मुलांची नावं, कुणाला चाटलं, कुणाला ओरखडलं. त्यावरून लोक मला पाठीमागे 'रकानेवाली' म्हणतात. म्हणोत.

साथरोग विभागातल्या डॉक्टरांना लसी तयार ठेवायला सांगून मी अकराच्या आत केंद्रात पोचले. तिथल्या संयोजिका मॅडमनी खेळघराचं कुलूप काढलं. फळीवर फायली ओळीने उभ्या होत्या, आणि मधोमध चार बोटांची मोकळी जागा.

"अय्या," मॅडम म्हणाल्या, "इथेच असतं हो. मावशीने रद्दीत घातलं असणार." मग घाईघाईने पुढे म्हणाल्या, "पण तुम्ही काळजी करू नका. कापूस तीन आठवडे आलाच नाही. शिबिरामुळे खोली बंद होती."

हे खरं असतं तर एकाही मुलाला धोका नव्हता. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मग रजिस्टर कुणाला खुपलं?

२

सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं की एक बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. म्हणून मी एकेकाला गाठलं.

आधी फिजिओ. मुलं त्याला दादा म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. तो एका मुलाच्या पायात आधाराचं कॅलिपर चढवत होता.

"दादा, कापूस शेवटचा कधी आला?"

"तीन आठवडे झाले." त्याने मान वर केली नाही. "शिबिरामुळे खोली बंद होती."

"आणि रजिस्टर?"

"मला काय माहीत? ते मॅडम आणि आजी बघतात. मी व्यायाम घेतो." कॅलिपरचा पट्टा त्याने चुकीच्या भोकात अडकवला. मुलगाच म्हणाला, "दादा, आवळतंय."

कापसाची मालकीण दोन गल्ल्या सोडून राहायची. निवृत्त शिक्षिका, एकटी. मुलं तिला कापूसआजी म्हणायची. दार उघडं होतं. खुर्चीच्या हातावर कुत्र्याचा पट्टा तसाच लोंबत होता आणि बाई त्याच्याकडे बघत बसली होती.

"आजी, कापसाला केंद्रात कधी नेलं होतंत शेवटचं?"

"तीन आठवडे झाले," ती पुटपुटली. "शिबिरामुळे खोली बंद होती."

शब्दाला शब्द तेच. खरं बोलणारी तीन माणसं कधी एका सुरात बोलत नाहीत. एक बुधवार म्हणतो, दुसरा मंगळवार म्हणून भांडतो. हे पाठ करून घेतलेलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्या लोंबणाऱ्या पट्ट्याकडे पाहून मी आवाज चढवला नाही.

"त्याला कुठला कुत्रा चावला होता का हो?"

"जानेवारीत. फाटकाशी भटक्या कुत्र्याशी जुंपली होती. कानाला टाके पडले. पण लस होती ना त्याला! डॉक्टरसाहेबांनी दाखला दिलाय." एवढं एकच वाक्य ती ठासून बोलली.

केंद्रात परतले तर मावशी वऱ्हांडा पुसत होती. खोल्यांच्या किल्ल्या तिच्याच कमरेला. पन्नाशीची, काटक, बोलण्यात फटकळ.

"रद्दी मी विकली नाही," तिने मी विचारायच्या आधीच सांगितलं. "मॅडम काय वाट्टेल ते बोलतात. अठरा वर्षं झाली मला इथे. कागदाचा कपटा इकडचा तिकडे केला नाही."

"शनिवारी, रविवारी बाहेरचं कोणी आलं होतं त्या खोलीत?"

"बाहेरचं? कोणी नाही."

ती डोळ्याला डोळा भिडवून बोलत होती. म्हणजे कुलूप फोडलं नव्हतं, बाहेरचं कोणी आलं नव्हतं, आणि तरी रजिस्टर गेलं होतं. मी पुन्हा खेळघरात शिरले. कोपऱ्यातलं कपाट उघडलं आणि जिथल्या तिथे थबकले.

३

कपाटात निळ्या चादरींचा एक गठ्ठा होता. सुतळीने बांधलेला, अजून न सोडलेला.

निळी चादर हाही माझाच नियम. कुत्रा कधी थेट मुलाच्या अंगावर किंवा गादीवर बसवायचा नाही. प्रत्येक मुलाला स्वतंत्र निळी चादर, वापरली की वेगळ्या पिशवीत आणि गरम पाण्यात धुलाई. या केंद्रात निळ्या चादरी दुसऱ्या कशालाच वापरत नाहीत. आणि गठ्ठ्याच्या सुतळीत लाँड्रीची चिठ्ठी खोचलेली होती. निळ्या : ७. उचलल्याची तारीख मागल्याच्या मागल्या गुरुवारची.

तीन आठवडे कुत्रा आला नाही, तर चादरी कुणी मळवल्या?

लाँड्रीवाले काका रस्त्याच्या पलीकडेच होते. पुस्तक काढून त्यांनी बोट ठेवलं. "ह्या सात. आणि परवाच्या गुरुवारी पाच नेल्यात. त्या अजून वाळतायत. त्यांचं नेहमीचं आहे हो, बुधवारी मळतात, गुरुवारी आमच्याकडे."

सात आणि पाच. बारा.

मी मॅडमना, दादाला आणि आजीलाही केंद्रात बोलावून घेतलं. लाँड्रीचं पुस्तक मधे ठेवलं. मग मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. आवाज रस्त्यापर्यंत गेला असं नंतर कळलं.

"बारा मुलं! तुमच्या खोट्यापायी बारा मुलं बिनलसीची फिरतायत. तुम्हाला कार्यक्रम बंद पडेल याची भीती. मुलं राहिली नाहीत तर कार्यक्रम कुणासाठी चालवणार आहात?"

"डॉक्टरसाहेब म्हणाले विषबाधाच आहे," मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता. "म्हणाले, प्रयोगशाळेच्याही चुका होतात, चाटल्याने काही होत नाही, उगाच पालकांना घाबरवू नका..."

"इथल्या मुलांच्या पिंढऱ्या कॅलिपरने सोललेल्या असतात! निम्म्यांची तोंडं मिटत नाहीत. चाटल्याने काही होत नाही?"

आजी पुढे आली. "त्याचा आवाज बसला होता," ती म्हणाली. "बुधवारी सकाळी भुंकला तो घोगरा. खाल्लंही नव्हतं. मला दिसत होतं. पण मुलं वाट बघत असतात... माझा पण दुसरा कुठला दिवस असतो हो? एक बुधवारच तर." मग तिने पदर तोंडाला लावला. "मला लसबिस नको. मी जाते त्याच्यामागे."

"हात पुढे करा," मी ओरडले. "त्याला हाताने भरवत होतात तुम्ही. मरायचं असेल तर दुसरं काहीतरी शोधा. रेबीजने मरणारा माणूस मी पाहिलाय. हात पुढे करा म्हणते ना!"

साथरोग विभागाची नर्स लसी घेऊन एव्हाना आली होती, तिने आजीला तिथल्या तिथे पहिली सुई टोचली.

दादाने तोवर आपले व्यायामाचे तक्ते काढले होते. त्याचे हात भराभर चालत होते. त्या दोन बुधवारी कुणाकुणाची पाळी होती ते तो सांगत गेला आणि मी लिहीत गेले. एका मुलाची पाळी महिन्यातून एकदाच येते, त्यामुळे एक नाव दोनदा येणार नव्हतं. दुपारी दोनपर्यंत सगळ्यांच्या घरी फोन गेले. तीनपासून मुलं यायला लागली. कुणी आईच्या कडेवर, कुणी चाकाच्या खुर्चीत. ज्यांना जखमेवर चाटलं होतं त्यांना जखमेभोवतीही औषध टोचायचं होतं. ते फार दुखतं. मुलं रडली. एका बापाने माझी कॉलर धरली. मी सोडवून घेतली नाही.

सहा वाजता मी यादी मोजली. पुन्हा मोजली.

अकरा नावं होती.

४

"एखादी चादर अशीच मळली असेल," मॅडम म्हणाल्या.

"असेल. आणि नसेल तर?"

दादा तक्त्यात पुन्हा पुन्हा शोधत होता. पहिल्या बुधवारी सहा, दुसऱ्या बुधवारी पाच. त्याच्यापाशी सातवं नाव नव्हतं. आजीला आठवत नव्हतं. आता ते नाव एकाच ठिकाणी असू शकत होतं, रजिस्टरमध्ये.

मी मंगळवारी सकाळी कार्यालयात बसून डोक्यात पुन्हा सगळं मांडलं. मॅडमना दोन बुधवार लपवायचे होते. आजीला घोगरा आवाज लपवायचा होता. पण दोन बुधवार लपवायचे असतील तर माणूस शेवटचं पान फाडतो. पान फाडून रजिस्टर जागेवर ठेवलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. अख्खं रजिस्टर कोण उचलतं? ज्याला नुसतं शेवटचं पान नाही, जुनी पानंसुद्धा नडतात तो.

जुन्या पानांत काय होतं? दर बुधवारी तेच ते. खाणं, आवाज, जखम, लसीची तारीख.

लसीची तारीख.

मॅडमनी मला कापसाच्या दाखल्याची झेरॉक्स दिली होती. लस दिल्याची तारीख सप्टेंबरची. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर दाखल्यावर चिकटवायचं असतं, झेरॉक्समध्ये त्या जागी काळा डाग आला होता. पण अशा प्रत्येक प्राण्याचे मूळ कागद वर्षातून एकदा माझ्याच कार्यालयात येतात. मी कपाट उघडून फाईल काढली. मूळ दाखल्यावर स्टिकर लख्ख होतं. छपाई बारीक, म्हणून भिंग घेतलं.

लस बनवल्याचा महिना : नोव्हेंबर.

सप्टेंबरात टोचलेली लस कारखान्यात नोव्हेंबरात तयार झाली होती! म्हणजे सप्टेंबरात कापसाला लस मिळालीच नव्हती. जानेवारीत कुत्रा चावला, तेव्हा कुणाचं तरी धाबं दणाणलं, आणि मागची तारीख टाकून हा दाखला लिहिला गेला. वर्गातल्या पोरालाही सापडेल अशी चूक. मग आमच्याकडे ती कुणाला कशी सापडली नाही?

मी दाखला उलटा केला. मागे आमच्या कार्यालयाचा शिक्का होता. 'तपासले.' खाली सही होती.

सही माझी होती.

५

तो दाखला आला त्या आठवड्यात चाळीस फायली आल्या होत्या आणि मी एकापाठोपाठ एक सह्या ठोकल्या होत्या, हे मला आठवत होतं. रकाने आखणारी मी, आणि समोरचं स्टिकर वाचलं नव्हतं. काल केंद्रात ज्या तोंडाने ओरडले होते, त्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

पण त्याला वेळ नव्हता. मी मावशीला फोन लावला.

"मावशी, रविवारी कापसाचे डॉक्टर आले होते का?"

"हो, आले होते की. त्याचं कार्ड न्यायचंय म्हणाले. मीच खोली उघडून दिली आणि अंगणात गेले."

"मग काल मला कोणी आलं नाही म्हणालात?"

"तुम्ही बाहेरचं कोणी आलं का विचारलंत. डॉक्टरसाहेब बाहेरचे कसे हो? दहा वर्षं येतायत."

चूक माझ्याच प्रश्नात होती. मी तडक त्यांच्या दवाखान्यात गेले. कॉलेजात ते मला दोन वर्षं पुढे. वासराची शीर कशी शोधायची ते मी त्यांच्याकडून शिकले होते. अजून त्यांना सर म्हणायचे.

"अगं ये, ये," ते म्हणाले. "किती गोंधळ घातलास काल म्हणे."

"सर, रजिस्टर द्या."

"कसलं?"

मी मूळ दाखला टेबलावर ठेवला आणि स्टिकरवर नख टेकवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"जानेवारीत मी खरंच टोचली होती गं त्याला. शपथेवर सांगतो."

"चावल्यानंतर किती दिवसांनी?"

"...दहाबारा."

"त्याआधी?"

"राहून गेली. पुढच्या वेळी, पुढच्या वेळी करत राहून गेली. धडधाकट कुत्रा होता. हजारात एखाद्याला होतं असं काही. एका तारखेसाठी माझी तीस वर्षं मातीत घालू का?"

"आणि बारा मुलं मातीत गेली तर? तुम्हाला जबडा दिसला होता शनिवारी. खड्डा खणणाऱ्याने ओळखला, तुम्ही ओळखला नसेल हे मला सांगू नका. तुम्ही ओळखलात आणि पुरायला सांगितलंत!"

खिडकीबाहेर कुणाची तरी मांजर पिंजऱ्यात ओरडत होती. मग त्यांनी खालचा खण ओढला आणि रजिस्टर काढून माझ्यापुढे सरकवलं.

"जाळायला घेतलं होतं," ते म्हणाले. "हात धजेना."

मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पानं उलटली. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत दर बुधवारी आजीच्या वळणदार अक्षरात तेच लिहिलेलं. 'लस बाकी. डॉक्टर पुढल्या आठवड्यात देणार.' खाली मॅडमची सही. शेवटच्या पानावर, 'आवाज बसला आहे. खाल्लं नाही. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले घसा धरला असेल, न्यायला हरकत नाही.' त्या भोळ्या बाईने सगळं खरं लिहून ठेवलं होतं. वाचणाऱ्यांनी वाचलं नव्हतं.

मग मी त्याच्या आधीच्या बुधवारच्या नावांवर आले. एक, दोन, तीन... सहा.

सातवं नाव रजिस्टरमध्येही नव्हतं.

६

दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून मी पुन्हा पहिल्यापासून विचार केला. दादाचे तक्ते सहा म्हणतात, आजीचं रजिस्टर सहा म्हणतं, चादरी सात म्हणतात. तिघांत कोणी खोटं बोलत नसेल, तर सातवं मूल केंद्राचं नाही. दादा आणि आजी खोलीत असताना ते आलेलं नाही. खेळ संपल्यावर आजी हात धुवायला जाते, दादा मुलांना व्हॅनपर्यंत सोडतो. ती दहा मिनिटं कापूस खोलीत कुणापाशी असतो? आणि बाहेरचं मूल चोरून आत घेतानासुद्धा कपाटातून चादर काढून अंथरायचं सुचतं कुणाला?

केंद्रात चादरी काढणारे हात दोनच होते.

मी केंद्रात पोचले तेव्हा मावशी जेवणाचे डबे घासत होती. मी तिच्याजवळ उकिडवी बसले.

"मावशी, ते सातवं मूल कोण होतं?"

तिच्या हातातला डबा थांबला. नळ नुसता वाहत होता. मी तो बंद केला.

"माझी नात," ती शेवटी म्हणाली. "चार वर्षांची आहे. लेक आली होती माहेरी. पोरगी रोज मागे लागायची, कापूस दाखव, कापूस दाखव. बाहेरचं मूल आणायचं नाही हे मला माहीत आहे. पण चादर घातली होती हो मी! हातपण धुतले तिचे, आधी आणि नंतर. तुमच्या त्या पाटीवर लिहिलंय तसंच."

सगळ्या केंद्रात नियम मोडणारी ती एकटी नव्हती. मोडतानाही तो पाळणारी मात्र ती एकटीच होती.

"काल का नाही सांगितलंत?"

"काल रद्दीचा आळ होताच माझ्यावर. त्यात हे सांगितलं असतं तर तासाभरात बाहेर काढलं असतं मला. आणि मॅडम म्हणाल्या होत्या, मोठा धोका काही नाही."

मला ओरडायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण माझ्यासारखीने कुठल्या तोंडाने ओरडायचं? "नोकरीचं मी बघते," मी म्हटलं. "एकच सांगा. तिच्या अंगावर कुठे खरचटलेलं होतं?"

"गुडघा फुटला होता. आदल्या दिवशी पडली होती. त्याने चाटलं तर खिदळत होती..." आणि मग तिला कळलं. तिने साबणाचा हात तसाच कपाळावर मारला.

त्या गोष्टीला तेरा दिवस झाले होते. मुलगी आईबरोबर आपल्या घरी गेली होती, चार तासांच्या अंतरावर. तिथल्या सरकारी दवाखान्यात फोन लावला. लस होती, जखमेत टोचायचं औषध नव्हतं. मी ते औषध बर्फाच्या डब्यात घेतलं, मावशीला गाडीत बसवलं आणि निघाले. वाटेत मावशी एकदाच बोलली, "जरा जोरात घ्या ना."

पोरगी अंगणात खेळत होती. गुडघ्याची खपली पडून गुलाबी कातडी आली होती. दुपारी साडेतीनला तिला पहिली सुई आणि गुडघ्यात औषध दिलं. तिने जो टाहो फोडला तो ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी दवाखान्याच्या मागे जाऊन रडून घेतलं.

७

पुढचं थोडक्यात. सरांचा परवाना काढून घेतला, खटला चालू आहे. संयोजिका मॅडमना पदावरून दूर केलं. चौकशी समितीत एकाने सुचवलं की बाहेरचं मूल आत आणल्याबद्दल मावशीला आधी घरी पाठवावं. मी टेबलावर अशी थाप मारली की त्यांच्या अध्यक्षांनी पाण्याचा पेला उचलून धरला. "तिने चादर घातली नसती, तर तेरा दिवसांनी काय, कधीच कळलं नसतं," मी म्हटलं. माझ्या अहवालात दोषींच्या यादीत पहिलं नाव मी माझंच लिहिलं होतं. कुणाला घरी पाठवायचं असेल तर आधी त्या पहिल्या नावाला पाठवा, असंही सांगितलं. मावशीची नोकरी राहिली. मला लेखी ताकीद मिळाली. ती मी जपून ठेवली आहे.

आजी दर सुईला वेळेवर आली. येताना कुणाशी बोलायची नाही, मुलांच्या आयांकडे बघायची नाही. एकदा एका आईने स्वतःहून तिच्याशेजारची खुर्ची घेतली.

अठ्ठाविसाव्या दिवशी मावशीची नात शेवटच्या सुईला इथेच आली. बाकीच्या अकरांच्या झाल्या होत्या. सगळी सुखरूप होती आणि आजही आहेत. मुलगी आता सुईला सरावली होती. तिने आपणच बाही वर केली, डोळे गच्च मिटले, आणि टोचून झाल्यावर एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

"कापसाला पण सुई दिली होती का?" तिने विचारलं.

मावशीने "चूप गं" म्हणून तिला ओढलं. मी म्हटलं, राहू दे.

मी खाली बसले, तिच्या डोळ्यांच्या उंचीला आले.

"नाही," मी म्हणाले. "आम्ही मोठ्यांनी दिली नाही."

तिने थोडा विचार केला. मग मावशीकडे वळून, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "का नाही दिली?"

आणि ती उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली.